मोकळ्या गाडीतला रुमाल

माझ्या बायकोच्या, सरूच्या, तेराव्याला सासूबाईंनी माझा ॲम्प बांधून ठेवला.

ॲम्प म्हणजे स्पीकरची पेटी. इलेक्ट्रिक गिटारची वायर तिच्यात खुपसली की गिटारचा आवाज होतो. सासूबाईंचं नाव जनीबाई. कासूच्या पुढे खाडीकडच्या गावातल्या त्या, सगळा जन्म मिठागरात गेला. त्यांच्या घरची एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की घरातलं वाजप, म्हणजे वाद्य, वर्षभर वाजवायचं नाही. गेलेल्या माणसाच्या कपड्यात ते गुंडाळायचं आणि गाठ मारायची. वर्ष भरलं की गाठ सोडायची आणि घरच्या माणसानं ते एकदा वाजवायचं. तो आवाज ऐकला की गेलेलं माणूस मोकळं होतं आणि आपल्या वाटेनं जातं.

मी रोह्याकडचा, भात आणि वाल करणाऱ्या घरातला. आमच्याकडे असं काही नाही. पण सासरे गेले तेव्हा मी ते पाहिलं होतं. त्यांची ढोलकी त्यांच्याच धोतरात बांधून वर्षभर आढ्याला टांगली होती. वर्षानं सरूनं तिच्यावर थाप मारली. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "गेले बाबा." त्यानंतर बाबांचं नाव निघालं की ती हसून बोलायची. त्याआधी वर्षभर नाव निघालं की उठून आत जायची.

तर तेराव्याची जेवणं उरकल्यावर जनीबाई आतल्या खोलीत आल्या. कोपऱ्यात ॲम्प होता आणि शेजारी भिंतीला टेकवलेली गिटार. त्यांनी दोन्हीकडे नीट बघितलं. मग कपाटातून सरूची हिरवी सुती साडी काढली, ॲम्पला गुंडाळली आणि वर घट्ट गाठ मारली. गिटारला हातही लावला नाही. त्यांच्या हिशेबानं आवाज पेटीतून येतो, म्हणजे वाजते ती पेटी. गिटार म्हणजे त्या पेटीचा दांडा.

माझी मुलगी नम्रता दारात उभी होती. खरी वाजते ती गिटार, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. मी मान हलवून तिला गप्प केलं. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

"आता वरीसभर मुकी र्‍हाईल," जनीबाई पेटीवर हात ठेवून म्हणाल्या. "वरसानी मी येन आनि सोरन."

मी नुसतं हो म्हटलं.

*

गिटार मी पेणला शिकलो. आयटीआयला होतो, रामवाडीत खोली घेतली होती. खोलीतल्या दुसऱ्या पोराकडे रॉकच्या कॅसेट होत्या. इंग्रजी मला कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण तो आवाज कळला. पोटात काहीतरी अडकलेलं असावं आणि ते एकदम बाहेर पडावं, तसा तो आवाज होता. मी जुनी गिटार आणि तो ॲम्प घेतला आणि कॅसेट पुढेमागे करत एकटाच शिकलो.

सरू शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला यायची. ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती तक्रार करायला. हाताला पिवळा रंग तसाच, खोलीच्या दारात उभी राहिली.

"अवो, तुमच्या घरात काय फुटलंय का?"

"गाणं आहे ते."

"गाणं? मग त्यात माणूस कधी बोलणार?"

"बोलतोय की मीच."

"बया," ती म्हणाली, "मला वाटलं कुनाला तरी मारताय."

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

मग मी धाटावला कंपनीत बॉयलरवर लागलो, आणि आम्ही रोह्याला आलो. दिवसभर, नाहीतर रात्रभर, शिफ्टला मशीनचा आवाज ऐकायचा. घरी येऊन त्याच्यापेक्षा मोठा आवाज काढला की डोकं शांत व्हायचं. गाणी मी स्वतः करायचो. मराठीत, पण रॉक. एकाचं नाव भट्टी, एकाचं गंज, एकाचं भोंगा. कंपनीत कुणाला याचा पत्ता नव्हता. गावात नव्हता, भावाला नव्हता. मला कुणाला ऐकवायचंही नव्हतं. ऐकायला सरू होती, तेवढं पुरे होतं.

ती भिजवलेले वाल सोलत समोर बसायची. रोज नाही, पण बिरड्याच्या दिवशी नक्की. वालाचं साल दोन बोटांत दाबलं की दाणा सुटकन बाहेर येतो. गाणं आवडलं नाही तर ती साल माझ्या अंगावर उडवायची. कधीकधी गाणं संपेपर्यंत माझा शर्ट सालांनी भरायचा.

"चांगलं हाय," ती म्हणायची. "पन माझ्या डोक्यावर बॉयलर ठेवल्यासारखं वाटतं."

एकदा ती म्हणाली, "अवो, एक गाणं असं करा ना, ज्यात मी असंन. भट्टी नको, लोखंड नको. मी त्यात उभी दिसली पायजे."

"करतो," मी म्हटलं.

"कधी?"

"करतो गं."

"त्यात ही पेटी नको हां वाजवायला. मला माझं नाव ऐकू आलं पायजे."

मी दोन-तीनदा बसलोही. पण रॉकमध्ये सरू बसेना. तिचं नाव घेऊन ओरडलं की ती हरवल्यासारखी वाटायची, आणि ती तर समोर वाल सोलत असायची. म्हटलं, होईल कधीतरी.

मग ती आजारी पडली. पावसाळ्यात पायांना सूज आली, दिवाळीत तिनं करंज्या बसून केल्या, आणि माघात ती गेली.

*

बरेच महिने मी आतल्या खोलीत गेलोच नाही. एका सकाळी रात्रपाळी करून आलो. झोप येईना. घरात इतकं शांत होतं की शेजारच्या नळाखाली कळशी भरलेली कळत होती. मी आत गेलो आणि गिटार उचलली.

विचार केला, रीत मोडायची नाही. पण बांधलेली आहे ती पेटी. गिटार कुणी बांधलेली नाही.

इलेक्ट्रिक गिटार पेटीशिवाय वाजवली की काय आवाज येतो, ते ज्यानं वाजवली नाही त्याला सांगून कळणार नाही. आतून पोकळ नसते ती. तारा नुसत्या तुणतुण करतात. मी 'भट्टी' वाजवायला घेतलं आणि मला हसू आलं. चाळणीवर नख मारावं तसा आवाज. एवढं मोठं गाणं, त्यातला सगळा दणका साडीत बांधलेला, आणि बाहेर उरलेले नुसते माझे शब्द. ते शब्द मला पहिल्यांदाच नीट ऐकू आले. आग, धूर, लोखंड, आग. त्यात माणूस कुठंच नव्हतं.

'गंज' वाजवून बघितलं, 'भोंगा' बघितलं. एकही उभं राहीना.

मग मी जोर काढून टाकला. अंगठ्यानं जाड तार, बाकीच्या बोटांनी बारीक तारा, चालत गेल्यासारखं, सावकाश. एवढ्या बारीक आवाजाला एवढीच चाल झेपते. त्याच्यावर काही म्हणायचं तर बोलल्यासारखंच म्हणावं लागतं, ओरडलं तर तारा ऐकूच येत नाहीत. मी काही शब्द नसताना नुसतं ते वाजवत बसलो. डोळा लागला तेव्हा गिटार मांडीवरच होती.

असं मग रोज व्हायला लागलं.

नम्रता रामवाडीलाच असते. एका गणपतीच्या कारखान्याच्या ऑफिसात बाहेरगावच्या ऑर्डरी बघते. रविवारी माझ्याकडे येते. एकदा ती आली तेव्हा मी वाजवत होतो. ती चप्पल न काढता दारातच थांबली.

"बाबा, तुम्ही कंट्री वाजवताय?"

"काय?"

"कंट्री. अमेरिकेतल्या गावाकडचं गाणं. असंच असतं ते."

"मी काय अमेरिकेला गेलो होतो?"

तिनं मोबाइलवर लावून दाखवलं. टोपी घातलेला एक म्हातारा लाकडी पायरीवर बसून गिटार वाजवत होता. तीच चाल. अंगठा खाली, बोटं वर. तो गातो आहे की कुणाशी बोलतो आहे, कळत नव्हतं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

नम्रतानं ऐकलं, थांबवलं, परत ऐकलं. "त्याची बायको गेलीये. तो ट्रक चालवतो. शेजारच्या सीटवर तो कुणाला बसू देत नाही. तिथं तिची शाल ठेवतो."

"मग?"

"मग काही नाही. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

मी तिला ते परत लावायला सांगितलं. ती मोबाइल माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. घरातली एवढीशी गोष्ट गाण्यात चालते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं गाणं म्हणजे काहीतरी पेटलं पाहिजे.

त्यानंतर मी तसली खूप गाणी ऐकली. शिफ्टला जाताना गोविंदा माझ्या मोटरसायकलवर मागे बसतो. आम्ही बरोबरच भरती झालो होतो. एकदा त्यानं विचारलं, "दत्तू, हल्ली घरी करतोस काय रे? कुठं दिसत नाहीस."

"कंट्री," मी म्हणून गेलो.

आमच्याकडे कंट्री म्हणजे देशी दारू. गोविंदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "व्हय रे. बायको गेल्यावर मानूस दुसरं काय करनार. पन इंग्लिश घे निदान. मी देतो आणून."

"गाणं आहे रे ते."

"पिऊन झाल्यावर गाणं येतंच."

त्या दिवशी सरू गेल्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो. परतताना मनात आलं, घरी जाऊन हे सांगायचं कुणाला, आणि मी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली.

*

सरूचं गाणं त्या सुमारास सुरू झालं. म्हातारा ट्रकमध्ये शाल ठेवतो, हे डोक्यातून जाईना. कारण रुमालाची गोष्ट माझ्याकडे होती.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं रोह्याहून सकाळची गाडी पकडायचो. सरू कासूला उतरून आईकडे जायची. मी पुढे पेणला जायचो. पेणला मला काही काम असायचं असं नाही. बाजारात फिरायचो, चहा घ्यायचो, परतीच्या गाडीची वाट बघायचो. गाडी पेणला आली की चढायचो आणि खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकायचो. पुढं कासूला सरू चढायची. एका हातात सुक्या जवळ्याची पिशवी, दुसऱ्या हातात आईनं दिलेलं मीठ. आणि दरवेळी म्हणायची, "अवो, गाडी सगळी मोकळी हाय. रुमाल कशाला?"

गाडी खरंच मोकळी असायची. डब्यात आमच्याखेरीज चार डोकी नसायची. तरी मी रुमाल टाकायचो, आणि तरी ती त्याच जागेवर बसायची.

गाणं तिथून सुरू झालं.

पेणला गाडी मोकळीच येते,
घाई तिला ना मला.
खिडकीशी एक रुमाल टाकून
जागा धरली तुला.

कासूला आधी पिशवी चढते,
मग तू चढतेस वर.
पदराला मीठ, पायाला चिखल,
म्हणतेस, "सरा तर!"

ये सावकाश गं, ये सावकाश,
गाडी जराशी थांबेल.

इतकं झालं आणि पुढं जाईना. पुढच्या कडव्यात त्या रुमालाचं काय होतं ते यायला हवं होतं. मी रोज दोन कडवी म्हणायचो आणि थांबायचो. थांबल्यावर वाटायचं, बरं झालं. गाणं पुरं झालं नाही तोवर सरू कासूलाच आहे, अजून गाडीत चढायची आहे. तिकडे पेटीवरची गाठही तशीच होती. धूळ झटकताना मी त्या साडीला हात लावत नव्हतो. तिला अजून सरूचा वास होता, निदान मला येत होता.

माघ जवळ आला तसा मला त्या गाठीचा धाक वाटायला लागला. जनीबाई येणार, गाठ सोडणार, मी वाजवणार आणि सरू जाणार. सासऱ्यांच्या वेळी मी पाहिलं होतं, ते गेले होते.

*

वर्षश्राद्धाला जनीबाई सकाळच्या गाडीनं आल्या. नम्रता आदल्या दिवसापासून होती. तिनं वालाचं बिरडं केलं. पान वाढून झालं, कावळ्यानं घास घेतला, शेजारची माणसं जेवून गेली. मग जनीबाईंनी हात धुतले आणि आतल्या खोलीत गेल्या.

गाठ घट्ट बसली होती. त्यांची बोटं मिठानं चिरलेली आहेत, नखं कधीची बोथट झाली आहेत. नम्रता पुढे झाली तर त्यांनी तिला हातानं मागे सारलं. दातांनी गाठ ओढली आणि सोडवली. साडीची घडी करून मांडीवर घेतली.

"वाजव, जावयबापू," त्या म्हणाल्या.

मी वायर लावली, बटण दाबलं. पेटीचा लाल दिवा लागला नाही. परत दाबलं. दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघितलं. काही नाही. मागची जाळी बघितली तर आत सगळं गंजलेलं. पावसाळाभर कापडात बांधून ठेवलेली पेटी, दुसरं काय होणार.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

"रागावली," जनीबाई पेटीकडे बघत म्हणाल्या. "वरीसभर कोंडली तं रागावलीच असंल."

"आजी, दमट हवेनं खराब झाली ती," नम्रता म्हणाली.

"कशानं बी हो. आवाज तं निगालाच पायजे गो. तवरं पोर मोकली व्हायची नाय."

मग नम्रतानं गिटार उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "बाबा, वाजवा."

"त्या दांर्‍यातनं काय निगनार?" जनीबाई म्हणाल्या.

मी एक तार छेडली. बारीकच, पण आवाज निघाला. जनीबाईंनी आधी गिटारकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्या वाजतं?"

"वाजतं, आई."

"पेटीबिगर?"

"हो."

"मना कोन बोलला नाय." त्या नम्रताकडे वळल्या. "तुना ठाव व्हता?" नम्रतानं मान खाली घातली. जनीबाईंचा हात साडीवर घट्ट झाला. "म्हंजे वरीसभर ह्या घरात वाजत व्हता? मग माजी पोर कवाच गेली का काय? मी तिकरं तिच्या नावानी रोज भाताचा घास बाजूला काढतंय, आनि ती हितून कवाच गेली?"

त्यांचा आवाज चिरका झाला. मी गिटार खाली ठेवून त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"नाही गेली, आई. मी गाणं एकदाही पुरं वाजवलेलं नाही. त्याला शेवटच नाही अजून."

"कुठला गाना?"

"तिचंच. तिनं सांगितलेलं."

"म्हन बगू," त्या म्हणाल्या.

सरूखेरीज कुणासमोर मी कधी गायलो नव्हतो. नम्रताही दाराबाहेरूनच ऐकत मोठी झाली. मी गिटार घेतली. जनीबाईंना कमी ऐकू येतं. त्या सरकून इतक्या जवळ आल्या की त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, आणि गिटारच्या लाकडावर त्यांनी तळवा ठेवला. मी पहिलं कडवं म्हटलं. रुमाल आला तसं त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"ह्या मना ठाव हाय!" त्या मधेच म्हणाल्या. "ती बोलायची, याडा हाय मानूस, मोकल्या गारीत रुमाल टाकतं. मी बोलली, टाकू दे गो, आपल्यासाठी कोन टाकतं?"

मी दुसरं कडवं म्हटलं. पायाला चिखल म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. सरू माहेरी गेली की आईच्या बरोबरीनं चिखलात उतरायची, तशीच पाय न धुता गाडीत चढायची.

ये सावकाश गं, ये सावकाश, म्हटलं आणि मी थांबलो.

"पुरता कर," जनीबाई म्हणाल्या.

"होत नाही, आई."

"का?"

"पुरं केलं तर जाईल ती."

नम्रता उठून खिडकीपाशी गेली. जनीबाईंनी गिटारवरचा हात काढला नाही. त्या म्हणाल्या, "मी आय हाय तिची. मना ती जायला पायजे का? पन तिला तितं उबी करून ठेवलंस रं बाला. ऊन केवरा हाय फलाटावर."

आजवर त्या मला जावयबापूच म्हणत आल्या होत्या.

*

दुपारच्या गाडीनं मी त्यांना कासूला सोडायला गेलो. साडी त्यांनी बरोबर घेतली नाही. घडी करून गंजलेल्या पेटीवर ठेवली आणि नम्रताला म्हणाल्या, "तू नेस गो. हिरवा तुना दिसंल." कासूला उतरल्यावर त्यांनी पिशवीतून मिठाची पुडी काढून माझ्या हातात दिली. रिक्षात बसताना म्हणाल्या, "तुजा गाना तुज्याकरं. मी जोर नाय करत."

परतीच्या गाडीला वेळ होता. मी फलाटावर बसलो. ऊन खरंच फार होतं. तिथं एकच झाड आहे आणि त्याची सावली रुळांवर पडते.

गाडी आली. मी चढलो, खिडकीजवळची जागा बघितली, आणि हात आपोआप खिशात गेला. तिच्यावर रुमाल टाकला आणि शेजारी बसलो. डबा मोकळा होता. गाडी सुटेपर्यंत मी दाराकडे बघत होतो. कुणी चढलं नाही.

नागोठण्याला लग्नाचं वऱ्हाड चढलं. डबा एका दमात भरला, पत्र्याच्या पेट्या, हळदीचे हात, पोरांचा गोंगाट. एक बाई माझ्यापाशी येऊन थांबली. साधारण सरूच्या वयाची, कपाळाला हळद, कमरेशी पाण्याचा हंडा. हंडा रिकामाच होता, पण तिनं तो फार सांभाळून धरला होता.

"दादा, कोन हाय का हितं?"

तिनं रुमालाकडे बघितलं. गाडीच्या झोकांड्यानं ती हेलकावली आणि हंडा बाकाच्या दांडीवर आपटला.

"नाही," मी म्हटलं. "बसा."

तिनं रुमाल उचलला, झटकला, नीट चौकोनी घडी केली आणि माझ्या हातात दिला. मग बसली आणि पाय लांब करून म्हणाली, "बरं झालं बाय. सकालधरनं उबीच हाय."

मी रुमाल हातात धरून खिडकीबाहेर बघत बसलो. ओठ आपोआप हलत होते. पुढचं निडी स्टेशन यायच्या आत कडवं झालं. मी जनीबाईंना फोन लावला. नम्रतानं त्यांना मोबाइल घेऊन दिला आहे, पण त्या तो कानाला उलटा धरतात, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं.

"आई, झालं."

"काय झाला?"

"गाणं."

"मग म्हन की!"

डब्यात वऱ्हाड होतं. शेजारी हंडा घेऊन बसलेली बाई होती. हातात गिटार नव्हती. मी मांडीवर बोटांनी ताल धरला आणि फोनमध्ये म्हटलं, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

जागेवर आज बसलं कुणी,
रुमाल हातात आला.
कासूच्या फलाटावर उभी तू,
गाडीला हात केला.

जा सावकाश गं, जा सावकाश,
गाडी जराशी थांबली.

समोरची पोरं माझ्याकडे बघत होती. शेजारची बाई मांडीवरच्या हंड्यावर बोटांनी ठेका धरत होती, ती थांबली होती. फोनमधून काहीच येईना. मला वाटलं, कट झाला.

"आई?"

"हाय," जनीबाई म्हणाल्या. मागे त्यांच्या अंगणातली कोंबडी ओरडत होती. "ऐकला सगला." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "गेली बग. नीट गेली."

"हो."

"आता त्यो रुमाल खिशात ठेव, बाला. उतरताना इसरशील."